पुलाची पट्टी

नदीवरचा पादचारी पूल गेली सव्वीस वर्षं काळी चारच्या पट्टीत गात होता. एका मंगळवारी सकाळी तो पांढरी पाचमध्ये गाताना आढळला. त्या दिवशी शहरात नोंद घ्यावी असं दुसरं काही घडलं नाही, आणि हेही घडलं नाही असंच सर्वसाधारण मत पडलं, कारण ऐकणारा माणूस एकटाच होता.

तो माणूस पियानो लावायचा. शाळांचे, नृत्यवर्गांचे, ज्या घरांत पियानोवर फक्त फोटो ठेवतात त्या घरांचेही. झाकण उघडायचं, दोनशेवर तारा चावीने एकेक करून ताणायच्या, आतल्या हातोड्यांवरचा कसर लागलेला नमदा बदलायचा आणि यजमानीणबाईंनी "आता कसा छान वाजतोय" असं न वाजवताच म्हटलं की पिशवी उचलायची. ओळखीचे लोक त्याला कानसेन म्हणत. त्यात कौतुकाचा भाग थोडा होता. रस्त्यात कुणी बेसूर शिट्टी मारली की तो दुखावल्यासारखा वळून बघायचा, त्याची मजा जास्त होती.

पूल तारांचा होता. दोन्ही काठांवर लोखंडी खांब, खांबांवरून ओढलेल्या मनगटाएवढ्या जाड तारा आणि त्यांना टांगलेली चालायची वाट. वारा सुटला की तारा घुमत. इतरांच्या कानांना तो आवाज कधीच ऐकू येईनासा झाला होता. कानसेन मात्र रोज सकाळी पुलाच्या तोंडाशी थांबून नादकाटा गुडघ्यावर आपटायचा, कानाशी धरायचा आणि पुलाशी ताडून बघायचा. लोक चौकातल्या घड्याळाशी मनगटावरचं घड्याळ जुळवतात, तसं.

"पूल उतरलाय," घरी आल्या आल्या त्याने बायकोला सांगितलं.

बायकोने खिडकीतून पाहिलं. "कुठे उतरलाय? आहे की जिथल्या तिथे."

"सुरात उतरलाय गं. अर्ध्या सुराने."

"तुमचाच कान उतरला असेल. वय झालं आता."

त्याने नादकाटा टेबलावर ठेवला. "हा पोलादाचा आहे. याचं वय होत नाही."

तार सैल झाल्याशिवाय सूर उतरत नाही. पियानोची तार सैल झाली तर फार तर एखाद्या मुलीची परीक्षा बिघडते. या तारांखालून मात्र त्याची लेक रोज दोनदा ये-जा करत होती. ती पलीकडच्या रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, आणि तिच्या मागेपुढे रोज आणखी काही हजार माणसं चालत होती. कानसेनने त्या दिवशीचे दोन्ही पियानो पुढे ढकलले, धुतलेला सदरा घातला आणि तो नगर कार्यालयात गेला.

बांधकाम विभागातला अभियंता शांत स्वभावाचा होता. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पूल पडलाय?"

"नाही."

"कुणाला इजा वगैरे?"

"अजून नाही."

अभियंत्याने पेनाला टोपण लावलं. "मग ही तक्रार होत नाही. तक्रारीला घटना लागते. तुमच्याकडे घटना नाही, नुसता प्रश्न आहे. प्रश्न आम्ही घेत नाही. दुसरा मजला, कुतूहल कक्ष."

नागरी कुतूहल निवारण कक्ष त्याच वर्षी सुरू झाला होता. नागरिकांना रोजच्या आयुष्यात समाज, राजकारण, विज्ञान आणि संगीत यांविषयी नाना प्रश्न पडतात, आणि ते इकडेतिकडे पडून राहिल्याने शहर अस्वच्छ दिसतं, असं नगरप्रमुखांच्या लक्षात आलं होतं. दारावर पाटी होती: 'प्रश्न पडला? उचलून इथे आणा.' आत चार खिडक्या होत्या, चार विषयांच्या. भिंतीवर आदर्श प्रश्न काचेच्या चौकटीत लावले होते. एकाने जांभई दिली की दुसऱ्याला का येते? न्हाणीघरात आपला आवाज आपल्याला बरा का वाटतो? लिफ्टमध्ये सगळे आकड्यांकडे का बघत उभे राहतात? प्रत्येकाखाली सुबक उत्तर होतं. निवडून आल्यावर माणसाची मान जाड का होते, या चौथ्या चौकटीखाली मात्र 'उत्तर प्रक्रियेत' असं लिहिलेलं होतं, आणि त्या कागदाच्या कडा पिवळ्या पडल्या होत्या.

प्रश्न लिहून घेणाऱ्या बाई मायाळू होत्या. त्यांनी अर्ज पुढे सरकवला. "बारा शब्दांत बसवा. शेवटी प्रश्नचिन्ह विसरू नका. आणि काळजी घालू नका हं प्रश्नात."

"म्हणजे?"

"म्हणजे बघा, 'पूल का गातो' हे कुतूहल. 'पूल पडेल का' ही काळजी. काळजीचा कक्ष मंजूर झालाय, पण त्याला अजून खोली मिळाली नाही."

कानसेनने बराच वेळ पेन चावलं आणि लिहिलं: 'पूल पूर्वीपेक्षा अर्ध्या सुराने खाली का गातो?'

बाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "किती गोड आहे हो! वार्षिक अंकात घेऊ आपण."

विज्ञानाच्या खिडकीतल्या गृहस्थांनी अर्ज भिंगातून तपासला. 'पूल गातो' इथपर्यंत विज्ञान, 'सुराने खाली' म्हटलं की संगीत, असं सांगून त्यांनी त्यावर रेघ मारली आणि शेजारी सरकवला. संगीताच्या खिडकीत एक वयोवृद्ध गायक होते. ते उजवा कान पुढे करून बसत, कारण डावा चालत नव्हता, आणि उजवा चालतो असा त्यांचा समज होता. त्यांनी डोळे मिटले, मान डोलावली आणि निदान केलं, "थकव्याने आवाज बसतो. महिनाभर पूर्ण विश्रांती."

कानसेनला एकदम हलकं वाटलं. विश्रांती म्हणजे पूल बंद! तेवढंच तर त्याला हवं होतं. पण पूल बंद करायचा म्हणजे राजकारण, म्हणून अर्ज तिसऱ्या खिडकीत गेला. तिथे कडक इस्त्रीचा तरुण होता.

"पुलाचं उद्घाटन कुणी केलं होतं, माहितीये ना?"

"नगरप्रमुखांच्या वडिलांनी."

"आणि तुम्ही म्हणता, सूर उतरला."

"पुलाचा."

"लोकांना 'पुलाचा' ऐकू येत नाही, काका. त्यांना फक्त 'उतरला' ऐकू येतं." त्याने आवाज खाली आणला. "मी आपलं तुमच्या भल्यासाठी सांगतोय. समाजाच्या खिडकीत जा. लोकांचं मत घेऊ."

मत घेण्यात आलं. पुलावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं गेलं की पुलाचा आवाज तुम्हाला आवडतो, की खूप आवडतो. शेकडा सत्त्याऐंशी लोक समाधानी निघाले. ज्यांनी "कसला आवाज?" असं विचारलं, त्यांना पूर्ण समाधानी धरलं.

सहा आठवड्यांनी पाकीट आलं. 'आपल्या कुतूहलाबद्दल आभार. उत्तर: वारा.' सोबत अभिप्रायाचं कार्ड होतं आणि त्यावर दोन चौकोन होते: 'समाधान झाले' आणि 'फारच समाधान झाले'.

तोवर पूल काळी तीनवर आला होता.

कानसेन इरेला पेटला. त्याने अपील केलं, अपिलावर स्मरणपत्र पाठवलं, स्मरणपत्राची पोच मागितली. शेवटी समिती नेमली गेली. समिती पाहणीला आली ती पानही हलत नव्हतं अशा दिवशी. एकाग्रतेने ऐकता यावं म्हणून मुद्दाम तसा दिवस निवडला होता. सदस्यांनी अर्धा तास कान देऊन ऐकलं आणि पूल गातच नाही अशी नोंद केली.

"अहो, वारा असेल तेव्हा या ना!" कानसेन कळवळून म्हणाला.

"वाऱ्यात या पुलावर जायला समितीला मनाई आहे," अध्यक्ष म्हणाले. "सुरक्षेचा नियम."

"पण लोक जातात की!"

"लोक समितीचे सदस्य नाहीत," अध्यक्षांनी त्याला समजावलं. ते खरंच होतं.

तरीही समितीने काम मनावर घेतलं, हे मान्य करायला हवं. चार बैठकांनंतर तिने कानसेनचा मूळ मुद्दा स्वीकारला. पूल आणि शहरातली वाद्यं यांच्या सुरांत तफावत आहे, आणि अशी तफावत प्रगत शहराला शोभत नाही, असं तिने लिहिलं. आता दोहोंपैकी एक बदलणं भाग होतं. पूल ही स्थावर मालमत्ता. सूर ही हवेतली गोष्ट. निर्णय एकमताने झाला. पुलाचा चालू सूर हाच शहराचा प्रमाण सूर मानावा, त्याला 'नगर-स्वर' म्हणावं आणि सर्व वाद्यं त्यानुसार उतरवून घ्यावीत.

हे काम करू शकेल असा माणूस शहरात एकच होता.

नेमणुकीचं पत्र हातात घेऊन कानसेन संध्याकाळभर बसून राहिला. "नको म्हणून सांगतो उद्या," तो म्हणाला.

"नको कशाला?" बायको म्हणाली. "जन्मभर लोकांच्या घरी गेलात, ते 'पियानोवाला आलाय, चपला बाहेर काढ म्हणावं' एवढं ऐकायला. आता 'नगर-स्वरपाल' म्हणतील. शिवाय आत असलात तर तुमचं ऐकतील तरी."

आत राहून सांगता येईल, हा विचार त्याला पटला. आजवर तो ज्यांना ज्यांना पटलाय, त्या सगळ्यांना तो रात्रीतच पटलेला आहे. सकाळी त्याने सही केली. पितळी बिल्ला मिळाला. तो सदऱ्याला लावताना त्याने आरशात पाहिलं नाही, म्हणजे एकदाच पाहिलं.

पहिलं काम होतं त्याच्या स्वतःच्या नादकाट्याचं. जुन्या सुराचे काटे कालबाह्य ठरले होते. ते जमा तरी करायचे, नाहीतर दुरुस्त तरी करायचे. काट्याच्या मुळाशी कानस मारली की पोलाद पातळ होतं आणि सूर उतरतो. कानसेनने काटा पकडीत धरला आणि घासायला सुरुवात केली. मधेच थांबून वाजवून बघितला, पुन्हा घासला. टेबलावर राखाडी भुकटी पडली. ती त्याने फुंकर मारून उडवली.

मग शहरभर पियानो उतरवण्याची मोहीम निघाली. तिचे परिणाम उत्साहवर्धक होते. वरच्या सुरांवर ज्यांचा गळा चिरकायचा, ते आता सहज पोचू लागले. गायनाच्या परीक्षांचा निकाल सुधारला आणि शिक्षकांचे सत्कार झाले. आकाशवाणीवर बातम्यांच्या आधी 'आजचा नगर-स्वर' सांगू लागले. शेजारच्या शहरातला वाद्यवृंद कार्यक्रमाला आला तेव्हा सगळ्या श्रोत्यांच्या लक्षात आलं की हे लोक वरच्या पट्टीत, म्हणजे चक्क बेसूर वाजवताहेत. दुसऱ्याच रचनेला त्यांची हुर्यो उडवून त्यांना मंचावरून खाली उतरवलं. त्यांच्या प्रमुखाने हुज्जत घालून आपला काटा दाखवला, तेव्हा लोक पोट धरून हसले.

पूल उतरतच होता. काळी तीनवरून पांढरी चार, तिथून आणखी खाली. दर उतरणीला कानसेन अहवाल लिहायचा, त्यात 'तारा सैल होत आहेत' असं वाक्य घालायचा, आणि अहवाल 'नवा नगर-स्वर जाहीर' या मथळ्याखाली छापून यायचा. ते वाक्य पहिल्या अहवालात पहिलं होतं. चौथ्यात ते तळटीपेत गेलं. सहाव्यात जागा पुरली नाही. एका तिमाहीत तर पूल उतरलाच नाही, आणि सकाळी पुलाच्या तोंडाशी उभ्या कानसेनला स्वतःची हुरहुर जाणवली. आता तीन महिने करायचं काय?

एका रविवारी लेक आली. तो वेळापत्रक आखत बसला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग ती म्हणाली, "बाबा, हल्ली पूल मध्यावर बाजूला ओढल्यासारखा करतो. धुलाईघरातल्या आम्ही सगळ्या तिथे एकमेकींचे हात धरतो. कशाने होत असेल ते?"

"वारा," कानसेन कागदावरून मान न उचलता म्हणाला.

लेकीने खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "बाबा, चार दिवस झाले, वारा कुठाय?"

त्याने मान वर केली. लेक त्याच्याकडे बघत होती, आणि बघता बघता तिची नजर त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावर गेली. कपबशा उचलून ती आत गेली. आत मायलेकी कुजबुजत होत्या. ती कुजबुज त्याला स्पष्ट ऐकू येत होती, कारण कान अजून शाबूत होता.

तो तसाच उठून पुलावर गेला. हवा स्तब्ध होती. त्याने जाड तारेला कान लावला. पहिल्यांदा काहीच नाही. मग आत कुठेतरी बारीक 'तट्' झालं. पुष्कळ वेळ शांतता, आणि पुन्हा 'तट्'. पियानोची जुनी तार तुटायच्या आधी असाच आवाज देते. इथे जाड तारेतला एकेक पदर तुटत होता. त्याच्या पाठीमागून एक बाई बाबागाडी ढकलत गेली. तिने त्याला ओळखून हसून नमस्कार केला.

सोमवारी दार उघडायच्या आधी तो बांधकाम विभागात हजर होता.

"तार तुटतेय," तो अभियंत्याला म्हणाला. "आतून. मी कानाने ऐकलं."

"तुटतेय की तुटली?"

"तुटतेय."

"तुटली की या," अभियंता म्हणाला. त्याच्या आवाजात जराही कुचेष्टा नव्हती.

कुतूहल कक्षातल्या बाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, पण अर्ज दिला नाही. "तुम्ही आता आपल्यातले. कर्मचाऱ्यांना कुतूहल लागू नाही."

"मग राजीनामा देतो."

तो त्याने तिथेच लिहिला. बाईंनी वाचला आणि चुकचुकल्या. "कारणात 'पूल पडेल' लिहिलंत. ही काळजी झाली. 'प्रकृतिअस्वास्थ्य' करा ना, आजच मंजूर करून आणते."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे!"

"असं ओरडलं की नसते हो," बाई हळुवारपणे म्हणाल्या.

त्याने बिल्ला काढून टेबलावर ठेवला आणि जिना उतरला. त्याच्या जागी संगीताच्या खिडकीतल्या वयोवृद्ध गायकांची नेमणूक झाली. त्यांना काहीच ऐकू येत नसल्याने पूल तेव्हापासून संपूर्ण स्थिर आहे.

कानसेन पुलाच्या तोंडाशी उभा राहू लागला. "जाऊ नका," तो प्रत्येकाला सांगायचा. "तारा सैल झाल्यात. मी तपासलंय." आणि त्याला धक्का बसला तो याचा, की कुणीही त्याला खोटं पाडलं नाही.

"माहितीये काका," एक पोरगी म्हणाली. "पण वळसा घालून पाऊण तास लागतो."

"मी आपला भरभर जातो," एक गृहस्थ म्हणाले.

"मी कडेने जात नाही, मधून जाते," एक बाई म्हणाली. तिच्या मागची म्हणाली, "मी कडेने जाते."

पियानो शिकवणाऱ्या एक मास्तरीणबाई थांबल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "पण आमचे सगळे पियानो तुम्हीच तर उतरवलेत ना?"

तो बाजूला झाला आणि बाई पुलावर गेल्या.

लेक मात्र दुसऱ्या दिवसापासून वळशाने जाऊ लागली. बापाने बिल्ला काढला ते पाहून की आधीच तिचं ठरलं होतं, हे तिने सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. तिला उशिराचे शेरे मिळाले, मग लेखी ताकीद मिळाली. 'सूरवाल्याची पोर' म्हणून धुलाईघरात थट्टा झाली. महिन्याभराने दोघीजणी तिच्याबरोबर वळशाने येऊ लागल्या. बाकीच्या अजून मध्यावर हात धरतात.

कानसेन पुन्हा घरोघर जाऊन पियानो लावतो. मागेल त्याला जुन्या सुरात लावून देतो, पण मागतं कोण? तारा ताणता ताणता तो ही सगळी हकीकत सांगतो, काही लपवत नाही, 'वारा' म्हणालो तेही सांगतो. लोक चवीने ऐकतात. काळजीच्या कक्षाला खोली मिळाली नाही, या ठिकाणी हमखास हसतात. मग कुतूहलाने प्रश्न विचारतात. त्या बाई अजून आहेत का तिथे? मान जाड का होते, त्याचं उत्तर आलं का? आणि पूल सध्या कोणत्या पट्टीत गातो?

ऐकणाऱ्यांतला प्रत्येक जण रोज कुठल्या ना कुठल्या पुलावरून जातो. पण हा पूल नेमका कोणता, हे त्याला आजवर एकानेही विचारलेलं नाही. इतका वेळ वाचलंत, तुम्हीही नाही विचारलंत.